आक्का, सूर कसा होता?

निमोणे, ता. शिरूर
१२ फेब्रुवारी २०२४

चांदभाई,

साखरबाईचा नमस्कार. सुलतानबी बरी असंल. सबीनाची कुरकुंभची नोकरी चालू असंल.

मी ह्ये काय ऐकते? काल शिरूरच्या बाजारात आपला गोकुळ ढोलकीवाला भेटला. म्हनला, चांदभाईनं घराची चौकट काढली. मी म्हनलं, का, वाळवी लागली? म्हनला, न्हाई, पियानो आत घ्यायला. मी मेथीची पिशवी खाली ठेवली आन् तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. गोकुळ पाणी आणायला पळाला. त्याला वाटलं मला चक्कर आली.

अरे, चाळीस वर्सं तू क्लॅरनेट वाजवलं. त्यातली बावीस वर्सं मी तुझ्या बाजूला पेटी घेऊन बसले. आपल्या कलापथकात लोक तुझी फुंक ऐकायला यायचे, हे मला ठावं हाय. आता एकुणसाठाव्या वर्सी पियानो? आन् कुणाकडं शिकतो म्हनं तर कुणाकडंच न्हाई!

दुसरं. राहू गावच्या जत्रंत मी चारचौघांत बोलले, "चांदभाई, सूर उतरलाय, क्लॅरनेट खाली ठेव." ते मला बोलायला नको व्हतं. पन सूर उतरला व्हता, हे बी खरं. तवापास्नं तू फोन उचलंना. चार महिने झाले. माझ्या रागानं क्लॅरनेट सोडलं का काय, ह्याच इचारानं मला जेवान जाईना.

सुनेच्या मोबाईलवरनं निरोप धाडता आला असता. पन माझ्या मनातलं राजनंदिनीनं कशाला टाईप करावं? म्हनून पत्र. राग असंल तर पत्रातच शिव्या दे.

साखरबाई

•

दौंड
२३ फेब्रुवारी २०२४

साखरआक्का,

चांदचा सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. राग बिलकुल नाही. राहूला तुम्ही बोललात ते मास्तरकीच्या हक्कानं बोललात. माझा फोन बिघडलाय, दुसरं काही नाही. इथून पुढं पत्रच लिहा. मला पत्र बरं वाटतं.

क्लॅरनेट दातांमुळं सुटलं. वरचे पुढचे दोन दात काढले. तोटी वरच्या दातांवर टेकल्याशिवाय फुंक बसत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता पियानोचं ऐका. रेल्वे कॉलनीच्या मागं एक जुना बंगला आहे. तिथले निवृत्त ड्रायव्हरसाहेब मुलीकडं परदेशी कायमचे गेले. सामान विकलं, पियानो कुणी घेईना. त्यांच्याकडं नाताळात मी वाजवायला जायचो. जाताना म्हणाले, चांद, तू घेऊन जा, नाहीतर लाकूडवाला नेईल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या टाकल्या, आठ माणसं लावली. रस्त्याचे खड्डे तुम्हाला माहीतच आहेत. प्रत्येक खड्ड्याला पियानो आतून एकदम ओरडायचा, असं हमाल म्हणत होते. मग चौकट काढली. सुलतानबी पदर तोंडाला लावून नुसती बघत राहिली. आता आमच्या घरात पियानो आहे आणि बसायला जागा नाही.

आक्का, पंचाऐंशी पट्ट्या आहेत! मी त्याच्यासमोर बसलो तेव्हा मला घाम फुटला. चाळीस वर्षांचा वाजवणारा मी, आणि कुठलं बोट कुठं ठेवायचं ते माहीत नाही. पेटीच्या पट्ट्या तुमच्या ओळखीच्या. अंगठ्याचं काय करायचं, एवढं तरी लिहून कळवा.

चांद

•

निमोणे
५ मार्च २०२४

चांदभाई,

राग न्हाई म्हनलास, जीव भांड्यात पडला. पन दोन दातांसाठी क्लॅरनेट सोडतात का? शिरूरला कवळी बसवणारे पन्नास हायेत.

अंगठ्याचं इचारलंस. पेटीवर मी म, प च्या जागी अंगठा बोटांच्या खालनं सरकवते. हात उचलायचा न्हाई. घोरपड भिंतीवर सरकती तसा हात सरकला पायजे. पैल्यांदा एकच सप्तक घे. सावकाश. चुकलं की तिथंच थांबून पुढं जायचं न्हाई, मागनं सुरू करायचं. ही माझ्या बापाची शिकवण.

डाव्या हाताचं मला इचारू नकोस. पन्नास वर्सं माझा डावा हात भाता मारतोय. त्याला एक सूर ठावा न्हाई.

एक काम कर. सबीनाच्या मोबाईलवर वाजवलेलं भरून राजनंदिनीला धाड. मी ऐकून चुका सांगते. कान असल्याबिगर पत्रातनं काय शिकवणार?

साखरबाई

•

दौंड
२ एप्रिल २०२४

साखरआक्का,

अंगठा सरकायला लागला. घोरपड अजून पडते भिंतीवरून, पण चढते परत.

रेकॉर्डिंग पाठवत नाही. माईक खराब आहे. आणि खरं सांगू, लाज वाटते.

मला काय धक्के बसतायत ते तरी ऐका. मी वाजवताना श्वास धरून बसतो! ओळ संपेपर्यंत छाती भरलेली, मग एकदम सोडतो. पियानोला माझ्या फुंकेची गरज नाही, हे छातीला अजून पटलेलं नाही. सबीना म्हणते, अब्बा, तुमचा चेहरा लाल होतो.

दुसरं, मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, तो आपला सगळा जीव, तो इथं नाहीच. पट्टी आणि पट्टी यांच्यामध्ये नुसती फट. पहिल्या आठवड्यात मी त्या फटीकडं बघत बसायचो.

पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी बाकी सगळं सोसतो. क्लॅरनेटमध्ये सूर मला बनवावा लागायचा. ओठ जरा सैल पडला की उतरला, जरा आवळला की चढला. कान सतत पहाऱ्यावर. पियानोत तसं नाही. सूर आधीच बसवलेला आहे. बरोबर पट्टी दाबली की बरोबर सूर. माणूस चुकेल, पट्टी चुकणार नाही. ह्या वयात एवढा भरवशाचा कोण मिळतो?

पुण्याहून पुस्तक मागवलं. पाच रेघांवर किडे बसवल्यासारखं लिहिलेलं असतं. त्यातलं इंग्रजी सबीना मराठीत लिहून देते आणि मी शिकतो. तुमच्या वडिलांनी बांधलेली गवळणीची चाल मी त्यात उतरवून काढली. तीच वाजवायला शिकणार.

सुलतानबीला मात्र हे आवडलेलं नाही. मी बसलो की ती शेजारी गिताबाईकडं निघून जाते.

चांद

•

निमोणे
११ मे २०२४

चांदभाई,

हे पत्र मी रागात लिहिते.

गोकुळ परवा दौंड स्टेशनावर व्हता. तू दहा पावलांवर उभा. त्यानं तुला तीन हाका मारल्या. ढोलकीवाल्याचा गळा, फलाट दणाणला म्हनं. लोक वळून बघाय लागले, तू वळला न्हाईस. सरळ चालत गेलास. गोकुळचा चेहरा एवढासा झाला. ज्यानं तुझ्यासंगं बावीस वर्सं धूळ खाल्ली, त्याला वळख दाखवंना झालास? पियानोवाला सायेब झालास व्हय?

आन् सबीनाचा फोन तर बिघडलेला न्हाई ना? मी त्याच्यावर बोलायला मागितलं, तर ती म्हनली, "अब्बा झोपलेत." दिवसा अकरा वाजता.

मला खरं काय ते पायजे.

साखरबाई

•

दौंड
२० मे २०२४

साखरआक्का,

मला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी आजवर कागदावर लिहिलं नव्हतं. 

दोन वर्षांपूर्वी उजवा कान गेला. कुणाला सांगितलं नाही. डाव्यावर काम चालवलं. राहूच्या जत्रेपर्यंत त्यातही खरखरच उरली होती. तुम्ही म्हणालात सूर उतरलाय. आक्का, तुमचे ओठ हललेले मला दिसले. शब्द सबीनानं नंतर सांगितले. मला वाटत होतं मी एकदम सुरात आहे.

पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, नसा गेल्या. चाळीस वर्षं स्पीकर आणि ताशासमोर उभं राहिल्याचं हे फळ. मशीन दिलं. ते घातलं की कुणीतरी बोलतंय एवढं कळतं. पण सूर? सगळे सूर एकसारखे, पत्र्यावर गारा पडल्यासारखे. मी ते काढून ठेवलं.

दात शाबूत आहेत. क्लॅरनेट पेटीत आहे. फोन चांगला आहे. गोकुळची माफी तुम्हीच मागा.

आता कळलं का, पियानो का? तिथं कान नसला तरी चालतो. पट्टी मला दिसते. लाकडावर गुडघा टेकला की धक्का जाणवतो. बाकीचं मी डोक्यात ऐकतो. माझ्या डोक्यातला सूर अजून कुठंच गेलेला नाही.

दया दाखवणारं पत्र लिहू नका.

चांद

•

निमोणे
२८ मे २०२४

चांदभाई,

तुझं पत्र आलं तवा मी कांद्याच्या चाळीत व्हते. इश्वजीतनं आणून दिलं. पैली ओळ वाचली आन् कागद हातातनं पडला. पोरगा म्हनला, आई, कोण गेलं? म्हनलं, चांदभाईचे कान गेले.

ज्या माणसाला ऐकू येत न्हाई, त्याला मी भरल्या जत्रंत म्हनले सूर उतरलाय. आन् तू हसला व्हतास. मला वाटलं माजानं हसला. तुला कळलंच नव्हतं.

दया दाखवू नको म्हनतोस. बरं. तर मग शिकत ऱ्हा. गवळणीच्या चालीत दुसऱ्या ओळीचा पैला सूर लांबव, बाप तसाच घ्यायचा. डाव्या हातानं नुसता सा आन् प धर, बाकी काही करू नकोस. गोकुळला मी काय ते सांगितलं. तो रडला. नंतर म्हनला, चांदभाई वाजवंल तवा मी येणार.

साखरबाई

•

दौंड
२५ नोव्हेंबर २०२४

साखरआक्का,

सहा महिन्यांत तुमची अकरा पत्रं आली, प्रत्येकात चालीतली एक जागा समजावलेली. सगळी पत्रं पियानोवरच ठेवली आहेत.

चाल बसली, आक्का. दोन्ही हातांनी. डोळे मिटूनही जमते. आता श्वास आपोआप चालू राहतो. रोज पहाटे दोन तास आणि संध्याकाळी एक तास.

१५ डिसेंबरला, रविवारी, सकाळी अकराला माझ्या घरी यायचं. कलापथकातले जेवढे उरलेत तेवढे बोलावलेत. गोकुळ येतोय. सुलतानबी बिर्याणी करणार, तुमच्यासाठी वेगळ्या चुलीवर पिठलं-भाकरी. मला घरच्या लोकांचं "वाह वाह" पुरेना. घरचे प्रेमानं बोलतात. मला तुमचा कान पाहिजे.

चांद

•

निमोणे
१८ डिसेंबर २०२४

चांदभाई,

रविवारपास्नं मला झोप न्हाई. हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता फाडायचं न्हाई.

तू वाजवायला बसलास. पाठ ताठ. हात बघून मला अभिमान वाटला. बोटं बरोबर, अंगठा बरोबर, बापाची दुसरी ओळ जशी मी सांगितली तशी लांबवलीस. डोळ्यांनी बघावं तर कुठं बोट दाखवायला जागा न्हाई.

पन कानात जे आलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला.

चांदभाई, त्यो पियानो सुरात न्हाई. एक पट्टी चढलेली, तिच्या शेजारची उतरलेली. काही पट्ट्यांमधनं एकाच वेळी दोन-तीन आवाज येत्यात, एकमेकांशी भांडत. तू सा दाबतोस आन् बाहेर दुसरंच काहीतरी पडतं. ट्रॉलीत आपटल्यानं झालं का जुना म्हनून झालं, मला ठावं न्हाई. तू बरोबर वाजवत व्हतास आन् आम्हाला चुकीचं ऐकू येत व्हतं. माझ्या बापाची चाल मला वळखू आली न्हाई. तुझ्या बोटांकडं बघून मी वळखली.

गोकुळनं माझ्याकडं बघितलं, मी गोकुळकडं. त्यानं मान खाली घातली. चाल संपली. तू वळलास. तुझं तोंड मी कवा इसरणार न्हाई. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या.

मग तू वही माझ्यापुढं धरलीस. त्यावर लिहिलं व्हतं, "आक्का, सूर कसा होता?" आन् मी, साखरबाई, जिनं आपल्या सख्ख्या भावाला बी खोटी दाद दिली न्हाई, मी लिहिलं, "छान."

तुझ्या घरचं पिठलं मी तसंच ताटात ठेवलं. न्हावऱ्यापर्यंत एसटीत मी डोळं पुसत आले. तू म्हनला व्हतास, मला तुमचा कान पायजे. मी तुला तोच दिला न्हाई. आता देते. लई उशीर झाला, पन देते.

साखरबाई

•

दौंड
३० डिसेंबर २०२४

साखरमावशींना,

सबीनाचा सलाम. तुमचं पत्र अब्बांनी माझ्या पुढ्यात ठेवलं आणि एकच विचारलं, "खरं?"

मी खोटं बोलू शकले नाही. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?" मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

मावशी, दहा महिने आम्ही दोघींनी ते ऐकलं. पहाटे दोन तास, संध्याकाळी एक तास. अम्मी गिताबाईंकडं जाऊन बसायची, कारण तिला सहन व्हायचं नाही. मी हेडफोन लावायचे. पण ते बसले की त्यांचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा. कान गेल्यावर ते चार महिने भिंतीकडं तोंड करून पडून होते, हे तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. त्यांच्याकडं एवढंच उरलं होतं आणि त्यातलं काहीच त्यांना ऐकू येत नव्हतं. मग बेसूर असला तर कुणाचं काय बिघडत होतं?

आता पियानोचं झाकण बंद आहे. त्यावर चादर टाकलीय. ते माझ्याशी आणि अम्मीशी बोलत नाहीत. जेवण अर्धं. तुम्ही खरं बोलून काय मिळवलंत, ते मला समजावून सांगा.

उलट बोलले असेन तर माफ करा. पण मी फार घाबरलेय.

सबीना

•

निमोणे
६ जानेवारी २०२५

सबीना,

तू उलट बोलली न्हाईस. तू लेकीसारखं बोललीस.

काय मिळवलं, मला ठावं न्हाई.  तू त्याला माणूस म्हनून सांभाळलंस. मी त्याला वाजवणारा म्हनून वळखते. वाजवणाऱ्याला फसवलं की त्याच्यापाशी काय उरतं, एवढंच मला सुचलं. त्यो पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडंल, हे मला सुचलं न्हाई.

तो जेवला का, एवढं दोन ओळींत कळव. मी यायला तयार हाय, पन मला बघून त्याचं दुःख वाढायला नको.

साखरमावशी

•

दौंड
९ फेब्रुवारी २०२५

साखरआक्का,

मी जेवतो आहे. मी स्वतःच लिहितो.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते कळलं. कान गेले तेव्हाही एवढं झालं नव्हतं. कान माझे होते, ते गेले. पण पट्टी चुकणार नाही, ह्यावर मी सगळा भार टाकला होता. तीच वर्षभर खोटं बोलत होती, आणि घरातली माणसंही.

सुलतानबीला मी विचारलं, का नाही सांगितलं? आता मला तिचे ओठ वाचता येतात. ती म्हणाली, "तुम खुश थे. बस." मी रागानं उठून गेलो. सरळ स्टेशनवर जाऊन बसलो. गाड्या येत होत्या, जात होत्या, सगळ्या मुक्या. तिथं बसल्या बसल्या मला एकच विचार छळत होता. पंधरा डिसेंबरला घरात दहा माणसं होती आणि काय चाललंय ते फक्त मला माहीत नव्हतं. टाळ्या वाजवणारे ते हात आठवले की अंग शहारतं. नऊ दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही.

दहाव्या दिवशी सबीना आली, मोबाईल पियानोवर ठेवला. त्यात एक सुई आहे. सूर उतरला की डावीकडं पडते, चढला की उजवीकडं, बरोबर असला की मध्ये येते आणि हिरवा दिवा लागतो. तिनं मधला सा दाबला. सुई डावीकडं कोसळली. पुढची पट्टी, उजवीकडं. मी एकेक पट्टी दाबत गेलो. पंचाऐंशीपैकी सहा हिरव्या निघाल्या. आक्का, मी डोळ्यांनी बेसूर पाहिला. माझ्या तोंडून शिवी गेली. सबीना आधी घाबरली, मग हसली, मग रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं.

पुण्याच्या कारागिराला फोटो पाठवले. तो म्हणाला, एवढ्या लांब येऊन परवडणार नाही, तारांच्या खुंट्या ढिल्या आहेत, टाकून द्या. मी फक्त खुंट्या फिरवायची किल्ली मागवली.

एका सुराला तीन तारा आहेत. दोन दाबून ठेवायच्या आणि एक लावायची. दाबायला मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापले. एक तार सुईवर आणली की दुसरी तिच्याशी जुळवायची. जुळत आल्या की लाकडात धडधड होते. मी वरचे दात कडेच्या फळीवर टेकवतो, क्लॅरनेट धरल्यासारखे. धडधड मंद होत जाते, आणखी मंद, आणि एकदम थांबते. ती थांबली की दोन तारा एक झाल्या. पहिल्यांदा ती थांबली तेव्हा मी तसाच, दात फळीवर लावून, किती वेळ बसलो कुणास ठाऊक.

एक तार तुटून गालावर बसली, चार टाके पडले. सुलतानबी आता किल्ली लपवून ठेवते.

चाळीस पट्ट्या झाल्यात. पण सुई हिरवी दाखवते त्यातलं सगळंच खरं असेल असं मी आता मानत नाही. मला कान पाहिजे. तुम्ही येऊन माझ्या शेजारी बसा. सूर वर न्यायचा असेल तर माझा खांदा दाबा. उतरवायचा असेल तर पाठीवर थाप मारा. बरोबर असेल तर हात काढून घ्या.

गेल्या वेळचं "छान" मी माफ केलं. आता परत तसं लिहू नका.

चांद

•

निमोणे
१७ मार्च २०२५

चांदभाई,

काल परत आले. तीन दिवस तुझ्या शेजारी बसून माझा हात भरून आलाय, आन् तुझा खांदा बी दुखत असंल. निघताना तू म्हनलास, काय ऐकलं ते घरी जाऊन सावकाश लिहा. तर लिहिते.

पैल्या दिवशी मला वाटलं व्हतं, ह्यो पियानो मेलेला हाय. एक सूर लावावा तर शेजारचा सुटायचा. तू चिडला न्हाईस, मीच चिडले. तुला आठवत असंल, दुसऱ्या दिवशी मी तुझ्या पाठीत थाप मारली ती जरा जोरातच व्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मधल्या तिन्ही सप्तकांच्या तारा लागल्यावर, तू काही न सांगता चाल सुरू केलीस. मी पाण्याचा तांब्या उचलत व्हते. पैला सूर आला आन् तांब्या माझ्या हातातच ऱ्हायला. चांदभाई, पेटीवर बोट उचललं की सूर मरतो. तू पायानं पेडल दाबलास की ह्यो मरत न्हाई. तू पुढल्या सुरावर गेलास तरी मागचा हवेत व्हता, त्याच्या अंगावर दुसरा येऊन बसला. माझ्या बापाची चाल मी हजारदा वाजवली असंल. ती अशी मी कवाच ऐकली न्हाई. दुसऱ्या ओळीचा लांब सूर तू धरलास तवा वरचा पत्रा बी बारीक गुणगुणला. पन्नास वर्सं पेटी वाजवून मला त्या चालीत एवढी जागा हाय हे ठावं नव्हतं. मी घाबरले म्हनलं तरी चालंल.

तुझी पाठ व्हती, म्हनून तुला दिसलं न्हाई. सुलतानबी गिताबाईकडनं आली. दारात उभी ऱ्हायली. चपला हातातच. मग ती आत आली आन् खाली भुईवर बसली, भिंतीला डोकं टेकवून. चाल संपंपर्यंत हलली न्हाई. मी तिला खुणंनं इचारलं, कसं? तिनं बघितलंच न्हाई. डोळं मिटलेलं. तू वळायच्या आत उठून चहा टाकायला गेली.

आता ऐक. अगदी वरच्या पाच पट्ट्या लागणार न्हाईत, खुंट्या गेल्यात. त्या वाजवूच नकोस. डाव्या अंगाचा जाड सूर दोन दिवसांत उतरंल, त्याला पंधरवड्यानं किल्ली लाव. आन् तिसऱ्या ओळीत तू घाई करतोस. क्लॅरनेटवर दम संपायचा म्हनून घाई चालायची. इथं दम संपत न्हाई. अजून कच्चा हायेस. वर्सभराचा इद्यार्थी जेवढा कच्चा असतो, तेवढाच.

तिसरी ओळ परत वाजव. सावकाश.

साखरबाई